सिल्व्हर ट्री तिसऱ्या उन्हाळ्यात अचानक का मरतो, आणि पुढचा कसा जगवायचा

दर ऑगस्ट-सप्टेंबरात हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच, आणि हकीकतही साधारण एकच असते. लावल्यापासून झाड जोमानं वाढत होतं. दोन वर्षांत डोक्याच्या वर गेलं. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. मग एका आठवड्यात पानांची चमक गेली, शेंडे झुकले, आणि पुढच्या पंधरा दिवसांत झाड उभ्या उभ्या वाळलं. एकही पान गळलं नाही, सगळी फांद्यांवरच करपट होऊन राहिली. शेवटी हे वाक्य येतं: "पाणी तर रोज घालत होतो हो." निदानाची सुरुवात मी त्याच वाक्यापासून करते.

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, पॅसिफिका गावात, समुद्राकडे उतरणाऱ्या टेकडीवर राहते. माझी दोन झाडं अशीच गेली. पहिलं तिसऱ्या वर्षी आणि दुसरं जेमतेम दीड वर्षात, तेही पहिल्याच्याच खड्ड्यात लावलेलं. तिसरं आता आठव्या वर्षात आहे. खाली लिहिलंय ते या तीन झाडांपायी शिकलेलं आहे. कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर राहणाऱ्यांना ते थेट उपयोगी पडेल. मेलबर्न किंवा ऑकलंडकडच्यांनी महिने उलटे धरावेत.

आधी झाडाची खात्री करून घ्या. आपल्याकडे चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावतात तो सिल्व्हर ओक वेगळा. तो ऑस्ट्रेलियाचा, आणि त्याचं पान फक्त खालच्या बाजूनं रुपेरी असतं. कुळ मात्र दोघांचं एकच, प्रोटिएसी. इथल्या बागांत दिसणारी गोल राखाडी पानांची युकॅलिप्टसची जातही हे झाड नव्हे. मी बोलतेय ते ल्यूकाडेंड्रॉन अर्जेंटियमबद्दल. भाल्याच्या पात्यासारखं, पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब पान, दोन्ही बाजूंनी रेशमी लव. बोट फिरवलं तर मांजराच्या कानाला हात लावल्यासारखं वाटतं. केप टाउनमध्ये ही पानं वाळवून पुस्तकात खुणेसाठी ठेवायला विकली जायची.

झाडाचं गाव

रोग समजायचा तर आधी झाडाचं गाव समजून घ्यावं लागतं. हे झाड मूळचं केप टाउनचं, टेबल माउंटनच्या कुशीतल्या उतारांचं. लायन्स हेडवर, डेव्हिल्स पीकच्या बाजूला, आणि 1913 साली सुरू झालेल्या कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानाच्या वरच्या अंगाला ते आपसूक उगवतं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. उन्हाळ्यात आग्नेयेकडून इतका जोरदार वारा वाहतो की लोकांनी त्याला 'केप डॉक्टर' नाव दिलं. जमीन उताराची, आम्लधर्मी, आणि स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) बाबतीत अगदी गरीब.

पानावरची लव शोभेसाठी नाही. ऊन आणि कोरडा वारा असला की हे केस पानाला चिकटून आडवे पडतात आणि आतली ओल राखतात. हवा दमट झाली की उभे राहतात आणि वारा आत खेळू देतात. म्हणून झाड सर्वांत जास्त चमकतं ते कोरड्या, तापलेल्या दुपारी. ही खूण लक्षात ठेवा, पुढे निदानाला लागेल.

कागदावर आपली इथली हवा केपसारखीच आहे. हिवाळी पाऊस, कोरडा उन्हाळा, किनाऱ्यावर धुकं आणि वारा. त्यामुळेच इथल्या नर्सऱ्यांत हे झाड मिळतं. फरक एकच, आणि तो आपण करतो: उन्हाळ्यातलं पाणी.

खरा मारेकरी

बहुतेक मेलेल्या झाडांच्या मुळाशी फायटोप्थोरा सिनामोमाय हा मुळं कुजवणारा सूक्ष्मजीव सापडतो. नावात दालचिनी आहे, कारण 1922 मध्ये सुमात्रातल्या दालचिनीच्या झाडांवर त्याची प्रथम नोंद झाली. कॅलिफोर्नियातल्या ॲव्होकाडोच्या बागा त्यानंच पोखरल्या आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातली जारा या युकॅलिप्टसच्या जातीची जंगलंही. आपण त्याला सवयीनं बुरशी म्हणतो, पण खऱ्या बुरशीपेक्षा तो शेवाळाच्या जवळचा. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. मातीत पाणी साचलेलं असलं की ते पोहत मुळीच्या टोकापर्यंत येतात आणि आत शिरतात. पाणी नसलं तर जाड कवचाचे बीजाणू करून मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात.

आता तापमान बघा. याला 24 ते 28 अंश सेल्सिअसची माती सर्वांत मानवते. केपमध्ये माती ओली असते तेव्हा ती थंड असते, आणि गरम असते तेव्हा कोरडी. दोन्ही एकदम क्वचितच होतं. आपण जुलैमध्ये रोज सकाळी नळी लावतो तेव्हा गरम आणि ओली अशी माती स्वतःच्या हातानं तयार करतो. पहिली दोन वर्षं झाड निभावतं, कारण मुळं वाढत असतात आणि गेलेल्या मुळीच्या जागी नवी येते. तिसऱ्या वर्षी पानांचा पसारा मोठा झालेला असतो. एखाद्या गरम आठवड्यात पानांना लागणारं पाणी उरलेली मुळं पुरवू शकत नाहीत, आणि झाड एकदम बसतं. मरण अचानक आल्यासारखं दिसतं, पण आत ते कितीतरी महिने चाललेलं असतं.

ज्यांच्या घरी संत्र्याची किंवा सुपारीची बाग आहे त्यांना हे घराणं ओळखीचं असेल. नागपुरी संत्र्याच्या बुंध्यावरचा डिंक्या आणि कोकण-गोव्यातल्या सुपारीचा कोळेरोग हे याच फायटोप्थोराच्या भाऊबंदांचे प्रताप. माझे वडील पावसाळ्याच्या तोंडावर सुपारीच्या घोसांवर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) मारून घ्यायचे. त्यामुळे पहिलं झाड कोमेजलं तेव्हा माझ्या मनात बोर्डोच आलं, आणि अनेकजण अजून तेच विचारतात. नको. सुपारीवर रोग घोसात असतो, संत्र्यावर बुंध्याच्या सालीत, म्हणून तिथे तांब्याचा थर कामाला येतो. इथे रोग जमिनीखाली मुळीत आहे. मातीत बोर्डो ओतून तो तिथवर पोचत नाही, तांबं साठत जातं, आणि त्यातला चुना आम्लधर्मी माती आवडणाऱ्या झाडाला उलट त्रास देतो.

तहान की मूळकूज: आधी हे ठरवा

सर्वांत महाग पडणारी चूक इथे होते. कोमेजलेलं झाड बघितलं की हात नळीकडे जातो. तहान असेल तर त्यानं जगेल, मूळकूज असेल तर त्यानंच मरेल. म्हणून पाणी घालण्याआधी दहा मिनिटं द्या.

बुंध्यापासून दोन-अडीच फुटांवर बोटभर खोल माती उकरा. कोरडी भुगा लागली, झाड पहिल्या उन्हाळ्यातलं असलं, आणि संध्याकाळी शेंडे पुन्हा वर येत असले, तर तहान आहे. माती ओलसर असताना झाड कोमेजलं असेल तर पाणी ताबडतोब बंद करा. पहाटे, गारव्यातसुद्धा शेंडे झुकलेलेच असतील तर शंका पक्की होत जाते. कोरड्या उन्हातही पान चमकत नसेल, चांदीचं शिसं झाल्यासारखा मळकट रंग दिसत असेल, तर ही माझ्या अनुभवातली सर्वांत आधी दिसणारी खूण. माझ्या पहिल्या झाडावर ती दोन महिने आधी दिसली होती आणि मी धुक्याला दोष देत राहिले.

मग त्याच जागी दोन-चार बारीक मुळं हलक्या हातानं मोकळी करा. आपले शेतकरी ज्यांना पांढऱ्या मुळ्या म्हणतात त्या दिसल्या पाहिजेत. काळ्या-तपकिरी, ठिसूळ, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून आतली दोरी हातात राहते अशा असतील, तर कूज आहे. बुंध्याशी, जमिनीलगत, नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवट-पांढरं हवं. तपकिरी असेल तर रोग बुंध्यापर्यंत चढलाय आणि आता झाड वाचवण्याच्या मागे लागू नका.

खात्रीसाठी एक घरगुती चाचणी आहे, इथल्या रोपवाटिकांतही वापरतात. ती नाशपातीची. झाडाभोवतीच्या चार-पाच ठिकाणची माती बारीक मुळांसकट भांड्यात घ्या. माती सुकी असेल तर आधी एक-दोन दिवस ओलसर ठेवा, नाहीतर झोपलेला रोग जागा होत नाही. मग मातीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी येईल इतकं भरा आणि कडक, कच्ची, हिरवी नाशपाती अर्धी बुडेल अशी ठेवा. भांडं उन्हात नको, घरातल्या गार जागी असू द्या. तीन ते पाच दिवसांत पाण्याच्या रेषेजवळ तपकिरी, पण दाबल्यावर टणक लागणारे डाग आले तर फायटोप्थोरा आहे असं धरून चाला. मऊ पडून लिबलिबीत झाली तर ते दुसरं काही. डाग आले नाहीत म्हणून माती निर्दोष ठरत नाही, पण आले तर शंका राहत नाही. दुसरं झाड लावण्याआधी मी ही चाचणी केली असती तर ते त्या खड्ड्यात गेलंच नसतं. जात नेमकी कोणती ते प्रयोगशाळेतच कळतं. नमुना कुठे द्यायचा हे तुमच्या काउंटीचे मास्टर गार्डनर, म्हणजे बागकामाचे प्रशिक्षित स्वयंसेवक, सांगतात.

चमक गेलीय पण झाड उभं आहे, तर

पाणी बंद, खत बंद, खुरपणी बंद. बाजूच्या लॉनचे फवारे बुंध्यापर्यंत येत असतील तर ते वळवा. आळं केलेलं असेल तर त्याचा बांध मोडून पाणी बाहेर वाहून जाईल असं करा. आळं करणं हा आपला हाताला बसलेला संस्कार, आंब्याला तो योग्यही आहे, या झाडाच्या बुंध्याशी मात्र पाणी उभं राहता कामा नये.

त्यानंतर फॉस्फाइट. फॉस्फेट नव्हे, नावं सारखी असली तरी काम उलटं आहे. फॉस्फेट म्हणजे खतातला स्फुरद, तो या झाडाला घातक. फॉस्फाइट झाड अन्न म्हणून वापरू शकत नाही. ते फायटोप्थोराची वाढ रोखतं आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागवतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जंगलांत हेच वापरतात. पानांवर फवारून किंवा खोडातून देता येतं. लेबलावर दिलेल्या मात्रेच्या वर जाऊ नका, कारण प्रोटिएसी कुळातल्या झाडांची पानं जास्त मात्रेनं भाजतात. आधी एका फांदीवर मारून आठवडाभर वाट बघा. यानं रोग मातीतून जात नाही. झाडाला वेळ मिळतो, तोही अर्ध्याहून जास्त मुळं शाबूत असतील तरच.

झाड गेलंच तर मुळांसकट काढा, ती माती बागेत दुसरीकडे पसरू नका, कंपोस्टमध्ये टाकू नका. फावडं, कात्री आणि बुटांचे तळ घासून माती काढा आणि मग स्पिरिटनं पुसा. चिखल राहिला तर स्पिरिट काही करत नाही. त्या जागी ॲव्होकाडो, कॅमेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन किंवा दुसरं प्रोटिया लावू नका.

पिवळी पडतात, कडा जळतात: ही वेगळी तक्रार

काही फोटोंत झाड कोमेजलेलं नसतं. नवी पानं पिवळट, शिरा त्यातल्या त्यात हिरव्या, आणि जुन्या पानांची टोकं जळाल्यासारखी. मी विचारते, काय घातलंत? उत्तर येतं: शेणखत, हाडांचा चुरा, एखाद्यानं गुलाबाचं खत.

या झाडाची मुळं वेगळी आहेत. पालापाचोळ्याखाली, अगदी वरच्या थरात, बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दाट झुबके येतात. त्यांतून आम्ल सुटतं आणि दगडात अडकलेला थेंबभर स्फुरद विरघळून झाडाला मिळतो. उपासमारीच्या जमिनीत जगण्यासाठी बनलेली ही मुळं आहेत, आणि भरल्या ताटापुढे त्यांना थांबता येत नाही. स्फुरद भरमसाट दिला की झाड तो ओढतच राहतं, पानांत त्याची विषबाधा होते, आणि लोह मिळेनासं होऊन केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी होतात. लोक मग लोह घालतात, थोडं हिरवं होतं, आणि मूळ कारण तसंच राहतं.

शेणखत न घालता झाड लावायचं हे मला मनातून पटायलाच वर्ष गेलं. माझ्या आईनं तुळससुद्धा कधी शेणाच्या पाण्याशिवाय लावली नाही. पण इथे उपाय खरोखरच हात आखडता घेण्याचा आहे. वर घातलेलं खत ताटलीनं उचलून काढा, मुळं न दुखावता. नळाचं पाणी अल्कधर्मी असेल तर पावसाचं पाणी साठवून तेच वापरा. झाड खूपच थांबल्यासारखं वाटलं तर वसंतात थोडं अमोनियम सल्फेट. खताच्या पिशवीवर नत्र, स्फुरद, पालाश असे तीन आकडे असतात, त्यातला मधला शून्य हवा. माझ्या सध्याच्या झाडाला आठ वर्षांत मी दोनदा दिलं.

आणि त्या झुबक्यांमुळेच बुंध्याभोवती खुरपं चालवायचं नाही, मोगरा-शेवंतीचा वाफा करायचा नाही. तण हातानं उपटा, लहान असतानाच.

नवीन लावताना

ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, पहिला पाऊस झाल्यावर. उन्हाळ्यात नर्सरीत फुललेलं मोठं झाड बघून मोह होतो, पण सर्वांत लहान रोप घ्या, एक गॅलनच्या कुंडीतलं. कुंडी उलटी करून बघा. मुळं गोल गुंडाळलेली, काळपट, किंवा मातीला आंबूस वास असेल तर परत ठेवा. माझं दुसरं झाड पंधरा गॅलनचं होतं, आणि त्याची मुळं मी बघितलीच नव्हती. रोग आपल्या बागेत बहुतेक वेळा असाच, कुंडीतल्या मातीतून येतो.

जागा उताराची, पूर्ण उन्हाची, वारा खेळणारी. फूटभर खोल खड्डा खणून पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाला दोन-तीन सेंटिमीटरसुद्धा जिरत नसेल तर त्या जागी सपाटीवर लावू नका. सनिव्हेल, फ्रीमाँटकडच्या चिकणमातीत लोक मोठा खड्डा काढून त्यात बाहेरची भुसभुशीत माती भरतात. त्यानं विहीर तयार होते. आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि चिकणमाती ते सोडत नाही. त्यापेक्षा खणूच नका, वर उंचवटा करा: दीड-दोन फूट उंच, सहा फूट रुंद, तिथलीच माती आणि भरड प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा बारीक लाव्हाखडी मिसळून. कंपोस्ट नको. रोप कुंडीत होतं त्याहून बोटभर वरच बसवा, मुळं विस्कटू नका.

वर लाकडाच्या कपच्यांचं चार बोटं जाड आच्छादन घाला, बुंध्यापासून वीतभर लांब. माती थंड राहते, आणि लाकूड कुजवणारे जीव फायटोप्थोराला मागे रेटतात, हे ॲव्होकाडोवाल्यांनी केव्हाच ओळखलंय.

पाणी मी असं दिलं: पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, पहाटे, बुंध्यापासून दूर, साधारण दहा लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी एकदा. तिसऱ्यापासून काही नाही. धुक्यापासून लांब, आतल्या गरम भागात तिसऱ्या वर्षीही महिन्यातून एकदा द्यावं लागेल, पण उष्णतेच्या लाटेत नाही. लाट येणार असं दिसलं तर दोन दिवस आधी द्या. काठीचा आधार पहिल्या वर्षापुरता, खालच्या बाजूला सैल बांधून. वरची मुळं उथळ असतात आणि वाऱ्यात हलून हलूनच खोड मजबूत होतं. छाटणी शक्यतो नको. जुन्या लाकडातून आणि बुंध्यातून हे झाड पुन्हा फुटत नाही, म्हणून कात्री लावायचीच तर हिरव्या, पानांच्या भागात.

इतकं करूनही बागेत वीस वर्षं जगलं तर भरपूर समजा. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. तुमचं मादी असेल तर रुपेरी शंकू येतील, आणि आसपास नरही असेल तर त्यात बी धरेल. ते शरदात पेरून ठेवा. कलमापेक्षा बियांपासून सोपं, आणि नवं रोप स्वच्छ मातीत वाढवता येतं.

पुण्याला नेऊ का?

दर सुट्टीआधी हे कोणीतरी विचारतं. पुण्या-मुंबईत जून ते सप्टेंबर माती गरम आणि ओली असते, म्हणजे वर सांगितलेली नेमकी घातक जोडी, आणि ती थांबवणं कोणाच्या हातात नाही. तिथे रुपेरी पान हवं असेल तर सिल्व्हर बटनवुड लावा, समुद्राकाठची खारी हवाही त्याला चालते. आणि कुंडीतलं रोप सामानात घालून नेऊ नका. परवान्याशिवाय रोप आणि माती भारतात नेण्यावर 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार बंदी आहे, आणि आपली माती कोणत्या रोगासकट जातेय हे सामान भरताना डोळ्यांना दिसत नाही.